सँटियागो ते ऑकलंड, व्हाया ब्राह्मणपारा

दोऱ्याचं रीळ हातातून निसटलं, फरशीवर टक्‌ करून आपटलं आणि गडगडत पलंगाखाली गेलं.

पहाटे साडेपाचच्या त्या शांततेत एवढा आवाज पुरेसा होता. मंजिरी श्वास धरून उभी राहिली. पलंगावर तिच्या लेकीनं, गोदूनं, कूस बदलली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपली. पण पुढच्या खोलीतलं घोरणं थांबलं.

"कोण आहे बा तिकडे?"

"मीच आहे मामाजी. झोपा तुम्ही."

"इतक्या सकाळी काय शिवून राहिली वो?"

शिवत ती काहीच नव्हती. भिंतीवर जगाचा नकाशा होता, प्लास्टिक चढवलेला, सदर बाजारातून गोदूसाठी आणलेला. नकाशाच्या डाव्या अंगाला, दक्षिण अमेरिकेच्या काठाला चिकटलेल्या त्या लांबोळक्या देशात, सँटियागोच्या ठिपक्यावर तिनं टाचणी टोचली होती आणि टाचणीला लाल दोरा बांधला होता. त्या दोऱ्याचं दुसरं टोक तिला न्यायचं होतं ऑकलंडला, नकाशाच्या पार उजव्या कोपऱ्यात. तेवढ्यात रीळ पडलं.

भास्करराव दारात येऊन उभे राहिले. तिचे सासरे. अंगात बंडी, डोक्याला मफलर. चष्मा लावून त्यांनी आधी टाचणी पाहिली, मग दोरा, मग सून.

"निरंजनचं विमान मोजून राहिली काय?"

चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

निरंजनचा, तिच्या नवऱ्याचा, फोन कालच, गुरुवारी आला होता. दोन वर्षांपूर्वी तो चिलीला गेला. तांब्याच्या खाणीत दगड फोडायची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत. गोदू तेव्हा तीन वर्षांची होती. काम एक वर्षाचं म्हणून गेला होता, त्याची दोन झाली. आता तिथलं संपलं, आणि खाणीवरून निघता निघता, फोनकार्डावर उरलेल्या मिनिटांत, त्यानं भराभर सांगितलं होतं:

"ऐक. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सँटियागोहून निघतो, सरळ ऑकलंड. तिथून दोन विमानं आहेत. एक पर्थला. तिथं नवी खाण, अजून दोन वर्षं. दुसरं सिंगापूरला, म्हणजे घराकडे. कंपनी म्हणते, उतरल्यावर काय ते सांग. मी ऑकलंडला उतरलो की तुला फोन करतो. तू सांगशील त्या विमानात बसतो. तूच सांगायचं, समजलं ना?"

"तुम्ही पोचता किती वाजता?" मंजिरीनं विचारलं, आणि कार्ड संपलं.

किती वाजता, हे विचारत बसण्याऐवजी ती दोन शब्द बोलली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. "या तुम्ही." एवढेच ते शब्द. पण फोन होता पुढच्या खोलीत, मामाजींच्या दिवाणाच्या उशाशी, आणि मामाजी पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पान न उलटता. सासऱ्यांच्या देखत नवऱ्याला 'या' म्हणायचं नाही असा काही त्या घरात नियम नव्हता. पण जीभ उचलायची नाही, हेही खरं.

आणि गेल्या वर्षीचं ती विसरली नव्हती. गेल्या वर्षीही असाच फोन आला होता, राहू का येऊ असं विचारणारा. त्या वेळी ती सदर बाजारात गोदूच्या फ्रॉकला लेस आणायला गेली होती. घरी आली तर मामाजी खुशीत. "त्याले सांगून टाकलं मी. राह म्हटलं बा, इकडची काळजी करू नको. सूनबाईचंही हवच आहे." त्या दुपारी मंजिरीनं फ्रॉकला लेस लावली, ती उलटी लागली, आणि ती उसवून सरळ करायला अजून तिचा हात वळला नव्हता.

या खेपेला फोन वाजेल तेव्हा तो तिनं उचलायचा होता. म्हणून वेळ हवी होती. म्हणून अंतर हवं होतं. काल ऑफिसातून तिनं एका ट्रॅव्हल एजंटला फोन करून पाहिला होता. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, दिल्ली-बंबई का पूछिए ना. माना एयरपोर्ट से जो उड़ता है वो सब बता देंगे." मग तिनं रीळ काढलं.

"सरक," मामाजी म्हणाले. "दोरा असा ढिला नसते धरत. झोल पडला की शंभर किलोमीटर गेले."

म्हातारबुवांची झोप उडाली ती उडालीच. बिलासपूरच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात बत्तीस वर्षं त्यांनी गाड्या चालवल्या होत्या, खुर्चीवर बसून. कोणती मालगाडी कुठं बाजूला घ्यायची, कोणत्या मेलला कुठून वाट द्यायची, हे सगळं त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर चालायचं. रिटायर होऊन रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात येऊन राहिले, तरी दुधवाला पाच मिनिटं उशिरा आला की ते त्याला विचारत, "कुठं डिटेन झाला बा?"

त्यांनी दोरा ताणून धरला. सँटियागोपासून निघून तो अटलांटिक ओलांडून गेला, आफ्रिकेच्या टोकाला घासून गेला, हिंद महासागर कापत, ऑस्ट्रेलियावरून, थेट ऑकलंडला. मंजिरीनं शिवणाची टेप लावली.

"नव्वद सेंटिमीटर, मामाजी."

"अन् खाली काय लिहिलं आहे? एक सेंटिमीटरले तीनशे किलोमीटर. म्हणजे सत्तावीस हजार." त्यांनी शीळ घातल्यासारखा तोंडाचा चंबू केला. "बाप्पा! विमानाचा स्पीड?"

"साडेआठशे. त्यांनीच सांगितलं होतं एकदा."

"म्हणजे बत्तीस तास. अन् एवढं अंतर एका दमात कोणतंच इंजिन नाही ओढत. तेलपाण्याचे दोन हॉल्ट धर, दोन-दोन तासांचे. छत्तीस." मग दोऱ्याकडे पाहत ते थबकले. "हे पर्थ तर वाटेतच लागते. मग ऑकलंडले जाऊन पुन्हा मागं काहून?"

मंजिरीनंही पाहिलं. खरंच, दोरा पर्थच्या अंगावरूनच गेला होता.

"कंपनीचं काम असंच असते," त्यांनीच उत्तर दिलं. "आमच्याकडे नव्हते काय, रायपूरचा माल आधी नागपूरले नेत अन् मग परत आणत. वरून ऑर्डर."

फ्रिजवर एक छोटं गजराचं घड्याळ होतं. ते चिलीच्या वेळेवर लावलेलं असे, साडेआठ तास मागं. गोदू त्याला बाबाचं घड्याळ म्हणायची. त्या घड्याळात संध्याकाळचे सहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. शनिवारी अडीचला सुटून छत्तीस तास.

"रविवारी दुपारी अडीच," मंजिरी म्हणाली, आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. रविवारी ती घरीच असणार होती. दुपारी मामाजी झोपलेले असतात. बत्तीस वर्षं रात्रपाळ्या केलेला तो माणूस दुपारी आडवा झाला की उशाशी मेल गेली तरी उठायचा नाही. ती, फोन आणि ते दोन शब्द, बस.

ऑफिसातून ती संध्याकाळी परतली तेव्हा नकाशाशेजारी एक लांब कागद टाचलेला होता. मामाजींनी चक्क कंट्रोल चार्ट आखला होता. डाव्या कडेला वरून खाली स्टेशनं: सँटियागो, अटलांटिक, केप टाऊन, हिंद महासागर, ऑकलंड. वरच्या कडेला तास. गाडी चालली की तिरपी रेघ, थांबली की आडवी. रेघ लाल पेन्सिलीनं ओढलेली होती.

"लाल म्हणजे मेल," गोदूनं तिला समजावून सांगितलं. दिवसभरात तिची शिकवणी झाली होती. "मालगाडी काली रहती है. बाबा मालगाडी नाही."

"मग बाबा काय आहे?"

"बाबा मेल आहे! आणि आई, बाबा आपल्या खालून जाणार आहे. उद्या रात्री. आजोबांनी बताया."

"खालून म्हणजे?"

मामाजींनी बोट ठेवून दाखवलं. हिंद महासागरात रेघ जिथून जात होती, तिथून सरळ वर गेलं की श्रीलंका, आणि मग आपलं रायपूर. "शनिवारी रात्री दहा-साडेदहाले हा इथं असेल. बरोब्बर आपल्या खाली. दोन वर्षांत इतका जवळ कधी आला नव्हता तो."

"मैं छत पर जाके टाटा करूँगी," गोदू म्हणाली.

"दिसणार नाही गं तुला."

"मले नको दिसू दे. त्याले दिसेल."

मंजिरी हसली आणि कणीक भिजवायला आत गेली. पण त्या रात्री निजताना तिनं नकाशाकडे पाहिलं तेव्हा तिलाही ते खरं वाटायला लागलं. एवढं मोठं जग, सत्तावीस हजार किलोमीटरांची वाट, आणि त्या वाटेत एक क्षण असा की तो अगदी आपल्या खालून, आपल्याच रेघेवरून जाणार. दारावरचा आकाशकंदील दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी तिनं उतरवला नव्हता. उद्या रात्री तो लावायचा, तिनं ठरवलं. कुणी विचारलं तर सांगायचं, पोरीनं हट्ट केला.

पहाटे अडीचला गजर न लावताच तिला जाग आली. बाबाच्या घड्याळात सहा वाजत होते. सुटली गाडी, ती मनाशी म्हणाली, आणि गोदूच्या अंगावरचं पांघरूण नीट करून पुन्हा आडवी झाली.

शनिवारी ऑफिस होतं. एरवी सुट्टी असती, पण निवडणुका तोंडावर आलेल्या, आणि नव्या राज्याची ती पहिलीच निवडणूक, म्हणून सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. समता कॉलनीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात तिचं ऑफिस होतं. रायपूर राजधानी झालं तेव्हा ऑफिसांना जागा नव्हत्या. मग कुणाच्या हॉलमध्ये आस्थापना शाखा, कुणाच्या बेडरूममध्ये लेखा शाखा. मंजिरीचं टेबल जिथं होतं तिथं भिंतीला अजून ओट्याच्या टाइल्स होत्या. पूर्वीचं स्वयंपाकघर.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर ती सही झालेल्या फायली आणायला साहेबांच्या खोलीत गेली. साहेब दौऱ्यावर होते. कलावती, ऑफिसची चपराशीण, टेबल पुसत होती. टेबलावर एक पृथ्वीचा गोल होता, नव्या फर्निचरबरोबर सगळ्या साहेबांच्या टेबलांवर आलेला. साहेब त्याचा उपयोग येरझारा घालताना बोटानं फिरवायला करत.

कलावतीनं फडक्यानं गोल झटकला. तो गरगर फिरला आणि हळूहळू थांबला. मंजिरी फायली उचलत होती. तिनं सहज पाहिलं आणि हात तसाच राहिला.

गोलाची जी बाजू समोर आली होती ती सगळी निळी होती. नुसतं पाणी. आणि त्या पाण्याच्या उजव्या काठाला, कडेवरून डोकावावा तसा, तो लांबोळका देश. चिली. डावीकडे खालच्या अंगाला दोन बेटं. न्यूझीलंड.

"का होगे दीदी?" कलावतीनं विचारलं.

"हे... हे इकडून आहे?"

"हव, गोल तो हे." कलावतीला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. "एती ले जाव, ओती ले जाव, ओतके च हे." इकडून गेलं काय, तिकडून गेलं काय, तेच.

पृथ्वी गोल आहे हे मंजिरीला ठाऊक नव्हतं असं नाही. चौथीत तिनं संत्र्याचं उदाहरण देऊन उत्तर लिहिलं होतं, पाचपैकी पाच गुण मिळाले होते. पण नकाशा भिंतीवर होता. भिंतीला डावी कड होती आणि उजवी कड होती, आणि कडेच्या पलीकडे चुना. दोन मोठी, शहाणी माणसं दोरा ताणून उभी होती, आणि कडेच्या पलीकडून वाट असेल हे दोघांच्या मनातही आलं नव्हतं. रूळ संपला की गाडी संपली.

तिनं फाईलची पांढरी लेस ओढून काढली. एक टोक सँटियागोवर धरलं, निळ्यावरून ताणत ऑकलंडला नेलं, तिथं नखानं खूण केली. मग तेवढीच लेस गोलाच्या पोटाभोवती धरून पाहिली. एक, दोन, तीन, चार. चार वेळा बसली. पृथ्वीचा घेर चाळीस हजार, हेही चौथीतलंच. म्हणजे दहा हजार. सत्तावीस नाही. दहा.

दहा हजार भागिले साडेआठशे. बारा तासांच्या आत-बाहेर. रात्री अडीचला बारा मिळवले तर दुपारचे अडीच. आजचे.

भिंतीवर घड्याळ होतं. दोन पस्तीस.

साहेबांचा फोन उचलून तिनं घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. घरी कुणीतरी फोनवर बोलत होतं. त्या घरी एरवी दुपारी कुणाचाच फोन येत नसे.

"कलावतीबाई, मी घरी जाते. विचारलं तर सांगा, पोरीला बरं नाही."

"का होगे नोनी ला?"

"काही नाही झालं. सांगा फक्त."

स्कूटी काढताना तिला एकच गोष्ट दिसत होती. तो आज रात्रीच काय, कधीच त्यांच्या खालून जाणार नव्हता. ती पहाटे अडीचला उठून ज्या बाजूला तोंड करून पडली होती, त्याच्या अगदी उलट बाजूला तो उडत होता, जगाच्या पाठीमागं, जिथून याहून दूर जाता येत नाही.

सदर बाजारात प्रचाराची जीप अडकली होती. कर्णा सगळ्यांना माता-बहनों म्हणत होता आणि माता-बहना सोनाराच्या दुकानापुढे रिक्षा लावून उभ्या होत्या. "भैया, जरा साइड!" मंजिरी ओरडली. "दीदी, हम भी तो खड़े हैं," समोरचा म्हणाला. हॉर्नवर हात ठेवून, पायानं जमीन ढकलत, ती तिथून सुटली. तोंडानं ती तेच दोन शब्द म्हणत होती. या तुम्ही. या तुम्ही. जसं काही दुकानातून आणायच्या जिन्नसाचं नाव, विसरेल म्हणून.

घराचं दार उघडंच होतं. मामाजी दिवाणावर ताठ बसले होते, केस विस्कटलेले, चष्मा हातात. गोदू खाली फरशीवर. आणि स्टुलावर, फोनच्या शेजारी, रिसीव्हर आडवा पडलेला.

मंजिरीनं तो झडप घालून उचलला. "हॅलो! हॅलो, ऐकता ना?"

टूं टूं टूं.

"किती वेळ झाला?"

"मले काय माहीत बाई," मामाजी म्हणाले. एवढा बारीक आवाज तिनं त्यांचा कधी ऐकला नव्हता. "हिनं उठवलं तेव्हा आवाज बंदच झाला होता. मले वाटलं थांबला असेल, पुन्हा बोलेल. म्हणून ठेवलाच नाही."

मंजिरीनं रिसीव्हर जागेवर ठेवला. मग गोदूसमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही खांदे धरले. हलक्यानंच धरायचे होते, पण घट्ट धरले गेले.

"गोदू, बाबाचा फोन होता?"

"हो."

"काय म्हणाला? सगळं सांग. पहिल्यापासून."

"बाबा म्हणाला, आईला दे. मी म्हटलं, आई ऑफिसात आहे. बाबा म्हणाला, आजोबांना दे. मी म्हटलं, आजोबा सो रहे हैं. मग म्हणाला, आईनं काही सांगून ठेवलं का माझ्यासाठी?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही." गोदूनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "सांगून ठेवलं होतं का तू?"

मंजिरीनं नाही म्हणून मान हलवली.

"मग मी म्हटलं, तू आज रात्री आमच्या खालून जाणार आहेस, मी छत पर टाटा करणार. आई कंदील लावणार."

"कंदिलाचं तुला कुणी सांगितलं?"

"तू नींद में बोल रही थी."

मामाजींनी नजर खिडकीकडे वळवली.

"मग बाबा हसला," गोदू म्हणाली. "फिर चुप हो गया. मग म्हणाला, लाईन मोठी आहे, मागं लोक उभे आहेत. आईला सांग, मी विमानात बसतो."

"कोणत्या?"

"नहीं बोला."

"गोदू, नीट आठव. पर्थ म्हणाला? सिंगापूर म्हणाला?"

"विमान म्हणाला. मी म्हटलं, थांब, आजोबांना उठवते. ते उठतच नव्हते. मी काही चूक नाही केली."

"नाही गं राणी. तू काहीच चूक नाही केलीस." तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं. गोदूच्या केसांना खोबरेल आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता.

थोड्या वेळानं मामाजी म्हणाले, "पण आज कसा काय पोचला तो? माझा चार्ट..."

मंजिरी उठली. आतल्या भिंतीवरच्या टाचण्या काढून तिनं नकाशा उतरवून आणला आणि त्यांच्यासमोर धरून गोल वळवला, नळकांड्यासारखा. डावी कड उजव्या कडेला येऊन टेकली. चिली आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये एक निळा पट्टा राहिला, फूट-सव्वा फुटाचा.

म्हाताऱ्यानं बराच वेळ त्या सांध्याकडे पाहिलं.

"उलट्या लाईनवर घातली मी गाडी," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांत एकदाही नाही घातली. अन् घरच्या पोराची घातली."

"मीही होते ना तिथं, मामाजी. टेप मीच धरली होती."

"तसं नाही." ते उठले आणि आतून चार्ट काढून घेऊन आले. कागदाचा खालचा भाग मुडपून मागं टाचलेला होता. तो मुडपलेला आहे हेच मंजिरीच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी टाचणी काढली आणि कागद खाली सोडला. ऑकलंडच्या खाली आणखी तीन स्टेशनं लिहिलेली होती. सिंगापूर. मुंबई. रायपूर. लाल रेघ ऑकलंडला संपत होती, पण तिथून पुढं साध्या पेन्सिलीनं, पुसट, दिसेल न दिसेल अशी एक रेघ रायपूरपर्यंत उतरली होती.

"गेल्या वर्षी मी राह म्हटलं त्याले," मामाजी रेघेकडे पाहतच बोलले. "तुझं नाव घेऊन. मले वाटलं, तुमच्या संसाराचं भलं होईल. त्या दिवशी तू ती लेस लावत बसली होती ना, तेव्हाच समजलं मले. पण मग कसं म्हणाव, ये म्हणून? एकदा सिग्नल दिला की... या खेपेला तू सांगशील म्हणून मी पेपर धरून बसलो होतो."

मंजिरीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. "मी तुमच्यासाठी थांबले होते, मामाजी."

"अन् मी तुझ्यासाठी."

बाहेर पाऱ्यातल्या देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं. फ्रिजवर बाबाचं घड्याळ चालूच होतं. ते आता कुठल्याच गावची वेळ दाखवत नव्हतं.

मामाजींनीच आधी स्वतःला सावरलं. पेन्सिल कानामागून काढली. "आण तो नकाशा. ऑकलंड ते पर्थ किती? अन् सिंगापूर?"

तिनं टेप लावली. पर्थ जवळ होतं, पाच-साडेपाच हजार. सिंगापूर लांब, आठ हजारांच्या वर.

"म्हणजे पर्थ सहा-सात तास, सिंगापूर दहा." ते मनाशी हिशेब जुळवत राहिले. "कुठंही उतरला तरी फोन करेलच. लवकर वाजला तर पर्थ. जितका उशिरा वाजेल..."

दोघांनी एकदमच फोनकडे पाहिलं. काळा, गप्प, क्रोशाच्या रुमालावर बसलेला. दोन वर्षं त्या घरात सगळ्यांनी तो वाजावा म्हणून कान दिला होता. आता पहिल्यांदाच दोघांच्याही मनात आलं की त्यानं गप्प बसावं, जितकं बसवेल तितकं.

गोदू कधीच पलंगाखालून रीळ काढून घेऊन आली होती. तिनं आईच्या मांडीवरचा नकाशा पुन्हा नळकांड्यासारखा वळवला, जीभ दातांत धरून, दोन्ही कडा नीट जुळवत. मग दोऱ्याचं एक टोक अंगठ्यानं ऑकलंडवर दाबून धरलं, आजोबांनी शिकवलं होतं तसं, झोल न पडू देता. उरलेला दोरा तिच्या दुसऱ्या हातात ताणलेला होता, हवेत.

"मी बाबाला धरलंय," ती म्हणाली. "आई, दुसरं टोक कुठं ठेवू?"